छापाचं अंगण

मामंजी अंगणात उकिडवे बसले होते, डोळ्याला सोन्याच्या दुकानातलं भिंग लावून. मी चहाची कपबशी घेऊन उंबऱ्यात उभी. बाहेर पाऊल टाकायचं तर चप्पल काढायची, पाय पुसायचे आणि देवळात शिरल्यासारखं दबकत जायचं, असा त्या अंगणाचा नेम होता. कपबशी न हिंदकळता एवढं सगळं करणं मला कधी जमलं नाही. मी तिथूनच म्हटलं, "मामंजी, चहा."

त्यांनी मान वर केली नाही. भिंगाखाली एक पिवळट-तांबूस डाग होता.

"राजश्री, हा हळदीचा का तेलाचा?"

"दोन्हीचा असंल. सांडग्यांचा आहे तो."

"सांडग्यांचा," ते म्हणाले. दुश्मनाचं नाव घ्यावं तसं.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आता मीच सासू व्हायच्या वयाला आले, तरी तो डाग डोळ्यासमोरून जात नाही.

आमच्या विटा-खानापूर भागातली माणसं सोनं गाळायला देशभर पांगलेली. जुने दागिने आटवायचे, तेजाबात घालून त्यातली भेसळ काढायची आणि चोख सोनं सराफाच्या हातात ठेवायचं. माझे सासरे हिंदुरावशेठ यांनी सगळी तरणी उमर कोइमतूरच्या एका बोळात, मोरीएवढ्या खोलीत, त्या धुरात काढली. मुलगा, म्हणजे माझा नवरा, हाताशी आल्यावर दुकान त्याच्यावर सोपवलं आणि गावी येऊन जुन्या घराच्याच जागेवर बंगला बांधला. बंगला चारचौघांसारखाच. पण अंगण तसं दुसरं तालुक्यात नव्हतं.

मिरजेच्या बाबूभाईंनी ते घातलं होतं. ओल्या काँक्रीटवर रबराचे साचे ठोकून काळ्या दगडी फरशीचा छाप उठवलेला, कडेनं वेल, मधोमध कमळ. त्यावर सीलर, म्हणजे डाग आत मुरू नये म्हणून द्यायचं एक पातळ पॉलिश. ते वाळलं आणि अंगण असं चकाकायला लागलं की आभाळातला ढग आमच्या दारातून चालत जायचा.

गावानं त्या अंगणाचा जो काय धसका घेतला, तो सांगण्यासारखा आहे. आमची गाय पहिल्या दिवशी कडेला आली, खाली बघितलं, तिथं दुसरी गाय दिसली, ती मागं फिरली ती फिरलीच. पुढं तिला गोठ्यात न्यायची म्हणजे परसातून वळसा. कोंबड्या पळत यायच्या आणि पाय थांबले तरी पुढंच जायच्या. सरपंच निवडून आल्यावर नमस्काराला आले आणि मनात नसताना साष्टांग घालून गेले. शेजारची ताराक्का तर येता-जाता अंगणाला हात जोडायची. तिला विचारलं तर म्हणाली, एवढं कुणालाच पाय लावू देत न्हाईत म्हटल्यावर देवच असणार की.

खरंच कुणालाच देत नव्हते. सडा नको, पाणी साठतं. रांगोळी नको, रेघ उठते. घागर ठेवायची नाही, चूळ भरायची नाही. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

त्यांचं नाव हौसा. गिरणी आली तसं त्यांचं जातं परसात उलथं पडलं, पण ओव्या काही पडल्या नाहीत. लसूण सोलताना यायच्या, भांडी घासताना यायच्या, आणि भांडायचं असलं की हटकून यायच्या. मामंजी ऐकतील एवढ्या आवाजात, पण आपल्याच तंद्रीत असल्यासारखं, त्या म्हणायच्या:

अंगण गं आरशाचं, आभाळ त्यात दिसं
मालकीण या घराची, उंबऱ्यात बसं

मामंजी पेपर वर धरायचे.

मग चैत्रातलं ऊन तापलं. उन्हाळकामं निघाली. मामंजी बाजाराला गेलेले बघून आत्याबाईंनी गल्लीतल्या बायका बोलावल्या, अंगणात जुनी लुगडी अंथरली आणि त्यावर कुरडया, सांडगे, पापड्या घातल्या. अंगण कसं नांदतं दिसायला लागलं. काळ्या फरशीवर पांढऱ्या कुरडया, तांबडे सांडगे, हसणं-खिदळणं. मला वाटलं, हे अंगण ह्याच्यासाठीच केलंय. तेवढ्यात मामंजी आले.

ते काय काय बोलले ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. ताराक्कानं तेवढ्यातही आपला पाट उचलला, बाकीच्या मोकळ्या हातानं गेल्या. लुगडं उचललं तर खाली सांडग्यांचं तेल-तिखट पाझरलेलं, आणि ते बघून मामंजींच्या तोंडून गेलं, "ह्या घरात राहायची अक्कलच न्हाय तुला."

आत्याबाई ओरडल्या नाहीत. ओल्या कुरडयांसकट लुगड्याची चारी टोकं धरली, बोचकं बांधलं आणि म्हणाल्या, "मग अक्कल आहे त्यानं राहावं." डोक्यावर बोचकं घेऊन, अंगणातून नाही, परसातून, गायीच्या वाटेनं, त्या मळ्यातल्या खोपीवर गेल्या. आम्हाला वाटलं, कुरडया वाळल्या की येतील. कुरडया वाळल्या, डब्यात भरल्या गेल्या, तळून खाल्ल्यासुद्धा. आत्याबाई आल्या नाहीत.

एरवी हे दोन म्हाताऱ्यांचं रुसणं म्हणून गावानं चघळलं असतं आणि थुंकलं असतं. पण माझी नणंद वैजयंता, आमची वैजू, तिची सुपारी ठरली होती. आटपाडीकडचे पाहुणे येत्या गुरुवारी यायचे होते. माणसं जुन्या वळणाची. घरात पाय ठेवला की पहिल्यांदा विचारणार, विहीणबाई कुठं आहेत. आणि विहीणबाई मळ्यात खोपीत आहेत, सांडग्यावरून बिनसलंय, असं कोणी म्हटलं की ते सरबत पिऊन उठणार. आईच ज्या घरात टिकली नाही त्या घरातली लेक आपल्या घरात काय टिकणार, हा त्यांचा हिशेब, आणि तो वैजूला पाठ. ती बिचारी स्वयंपाकघरात कांदा नसताना कांदा चिरल्यासारखे डोळे घेऊन बसायची.

मी दुपारची भाकरी घेऊन मळ्यात जायचे आणि दोन्हीकडचे निरोप वाहायचे. म्हणजे निरोप नसायचेच. मामंजी म्हणायचे, गुरुवारचं काय ते विचार. आत्याबाई म्हणायच्या, विचारणाऱ्याला पाय आहेत. मी परत येऊन सांगायचे, बऱ्या आहेत. आत्याबाई शेंगा फोडत बसलेल्या असायच्या आणि मी बांध ओलांडून निघाले की मागून ओवी यायची, वाऱ्याबरोबर गावाकडं पाठवल्यासारखी:

सोनं गाळून गाळून, वाकली कंबर
घरी येऊन धनी माझा, पुसतो फत्तर

मी ती मामंजींना पोचवली नाही. एवढी शहाणी मी तेव्हाही होते.

मामंजींची समजूत अशी की भांडण डागामुळं झालं, तर डाग निघाला की भांडणही निघेल. म्हणून ते भिंग. बाबूभाईंनी जाताना सांगितलं होतं की मळलं तर साबणाच्या पाण्यानं धुवा, मऊ ब्रशनं घासा, चांगलं दोन-तीन उन्हं खाऊ द्या आणि मग सीलरचा पातळ हात फिरवा. उरलेला डबाही ठेवून गेले होते. त्याप्रमाणं साबणानं एकदा धुऊन झालं. डाग फिका झाला, गेला नाही. मी उंबऱ्यात धरलेला तो चहा त्यांनी गार करून प्याला आणि म्हणाले, "साबण पोरं धुवायला. आम्ही हयात आगीत काढली."

मग ते माडीवर गेले आणि कोइमतूरहून आणलेली काचेची बरणी घेऊन खाली आले. तेजाब. नुसतं झाकण हललं तरी नाकात सुई गेल्यासारखा वास.

मी म्हटलं, "मामंजी, हे सोन्याचं आहे."

"जे सोन्याचं, ते सगळ्याचं. भेसळ खातंय, चोख ते ठेवतंय."

तोंडाला टॉवेल, पायात शेताचे गमबूट, हातात खराटा. बादलीभर पाण्यात तेजाब ओतलं आणि डागावर शिंपडलं. जमीन फसफसली. पांढरा फेस उठला, जणू कुणी तिथं सोडा फोडला. मामंजींच्या डोळ्यांत कोइमतूर उतरलं. "बघ, मळ कसा उकळतोय." पाणी मारलं. डाग गेला होता. नुसता गेला नव्हता, तिथं फरशी अशी गडद, अशी ओलीगार काळी दिसत होती की बाकीचं अंगण तिच्यापुढं जुनं वाटायला लागलं. मग काय, सगळ्याच अंगणाला तो मान मिळाला. कमळ फसफसलं, वेल फसफसली. वैजू आणि मी लांबून पाणी मारत होतो. मामंजी मधे उभे राहून खराटा असा फिरवत होते की लग्न ठरल्यासारखं मलाच वाटलं.

सोन्यातली भेसळ तेजाबात विरते आणि सोनं मागं राहतं. पण काँक्रीटमध्ये भेसळ कुठली आणि सोनं कुठलं, हे तेजाबाला कोण सांगणार? त्यानं सगळंच खाल्लं. वरचं पॉलिश जिथं झिजलं होतं तिथून आत शिरलं, रंग खाल्ला, छाप कुरतडला. हे ओलं असताना दिसत नव्हतं. ऊन चढलं तसं एकेक ठिकाण वाळत गेलं आणि राखेच्या रंगाचे चट्टे उठायला लागले. इथं करडं, तिथं पांढरं, कमळाच्या पाकळ्या तर कोडावाणी. दुपारपर्यंत अंगण असं झालं की गाय बिनदिक्कत त्यावरून चालत गोठ्यात गेली.

मामंजी पायरीवर बसले. मग तांब्या उचलला आणि एका फरशीवर पाणी ओतलं. फरशी काळी झाली. वाळली, पांढरी झाली. पुन्हा ओतलं. पुन्हा काळी.

"राजश्री," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका तरणा झाला होता की मी दचकले. "ओलं असलं की बेस दिसतंय. म्हणजे ओलंच ठेवायला पाहिजे. वरनं सीलर ओढला की पाणी आत कोंडलं. ओल खाली, चकाकी वर. जन्मभर."

आता हसू येतं. पण त्या घडीला ते मला इतकं पटलं की मीच पळत जाऊन पाइप आणला. बाबूभाई ते उन्हं खाऊ द्यायचं का म्हणाले होते, ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. वैजूच्या आलं असलं तरी तिला गुरुवार दिसत होता. आम्ही अंगण चिंब भिजवलं, वर साठलेलं पाणी झाडून काढलं आणि रोलरनं सीलर फिरवला. पातळ हात नाही, चांगला साय ओढावी तसा. दिवस मावळला तेव्हा अंगण पहिल्यापेक्षा काळंभोर, पहिल्यापेक्षा झळझळीत. मामंजींनी त्या दिवशी भाकरी चुरून दोनदा दूध मागितलं. मला म्हणाले, उद्या मळ्यात सांग, डाग गेला.

सकाळी दार उघडलं. अंगण पांढरं होतं. चट्टे नाहीत, डाग नाहीत, सगळंच्या सगळं, तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरावी तसं. आत कोंडलेली ओल वर यायला धडपडली होती आणि पॉलिशच्या पापुद्र्याखाली अडकून तिथंच दुधाळ झाली होती. कमळ त्या सायीखाली कुठंतरी बुडलेलं.

बुधवार होता. दुसऱ्या दिवशी पाहुणे. वैजूनं दारातून बघितलं आणि आत जाऊन पांघरूण घेतलं.

मामंजी पायरीवर बसले होते. या खेपेला त्यांनी भिंग बाहेर काढलं नाही. मी शेजारच्या पायरीवर टेकले. सासऱ्याच्या शेजारी बसायची आमच्यात रीत नाही, पण त्या दिवशी रीतही कुठंतरी सायीखाली गेली होती.

"एवढ्या अंगणापायी सगळ्यांचा जीव काढलात," मी म्हणाले. "होतं काय त्यात एवढं?"

ते बोटांनी पायरीची कड चाचपत राहिले. तेजाबानं त्यांची नखं कायमची पिवळी झाली होती.

"पहिल्यांदा सुट्टीला आलो," ते म्हणाले, "तुझा नवरा तवा पाळण्यात. येशीतनं घराकडं वळलो तर ही अंगण सारवत हुती. हाताला ह्या अशा भेगा. शेणात रगत लागलेलं. वर बघून हसली, आणि हात पाठीमागं लपवले. मला वाटलं, आपण परमुलखात सोनं गाळतोय आणि ही हितं... त्याच दिवशी म्हटलं, असं अंगण करायचं की हिला हात लावायला लागू नये. कशालाच."

"आत्याबाईंना सांगितलंत कधी हे?"

"त्यात सांगायचं काय? केलं की."

मी उठले, भाकरी बांधली आणि भर उन्हात मळ्याकडं निघाले.

आत्याबाई लिंबाखाली शेंगा फोडत होत्या. मी आधी तेजाबाचं सांगितलं. त्या हसायला लागल्या. मग पाइपचं सांगितलं, सीलरचं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की सूप बाजूला ठेवावं लागलं, डोळ्यांतून पाणी आलं, लिंबावरचे कावळे उठले. "पाणी कोंडलं म्हणं," त्या म्हणायच्या आणि पुन्हा हसायच्या. "अगं, सोन्याला फसवलं न्हाय ह्या माणसानं कधी, आणि पाण्याला फसवाय निघाला."

हसणं निवल्यावर मी पायरीवरचं बोलणं सांगितलं. भेगांचं, रगताचं, लपवलेल्या हातांचं.

त्यांनी एक शेंग हातात घेतली, फोडली नाही.

"भेगा कशाच्या, सारवायच्या?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सारवून कुणाला भेगा पडत्यात व्हय? जादा सारवून पडल्या त्या. आपलं घर येशीच्या तोंडाला. अंगणात बसलं की फाट्यावरची एष्टी दिसती. आता बाईमाणसानं नुसतं रस्त्याकडं बघत उभं ऱ्हायलं तर गाव काय म्हणंल? सासू काय म्हणंल? पण शेणाचा पो घेऊन बसलं की कुणी इचारत न्हाय. सण जवळ आला की मी सकाळी सारवायची, आणि सांजच्या एष्टीला पुन्हा. सासूबाई म्हणायच्या, पोपडं निघतील बाई अंगणाचं, किती सारवशील."

मग त्यांनी ओवी म्हटली. गायली नाही, नुसती म्हटली, कुणाला पत्ता सांगावा तशी:

हात माझा अंगणात, डोळा गं येशीवरी
शेणाचा पो सरला, धनी येईना घरी

"चला," मी म्हणाले, "हे त्यांना सांगू."

"अजिबात सांगायचं न्हाय." त्या उठल्या, लुगडं झाडलं. "मला सुखात ठेवल्यालं समाधान हाय त्या माणसाला. ह्या वयात ते काढून घेऊन काय करू? आणि एवढी म्हातारी झाल्यावर सांगू की मी तुमची वाट बघायची म्हणून? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय."

त्यांनी खोपीचं दार ओढून घेतलं.

घराशी आलो तेव्हा मामंजी तिथंच होते. आत्याबाईंनी चप्पल काढली नाही. परसाकडं वळल्या नाहीत. चिखलाच्या चपलांनी त्या सायीवरून सरळ चालत आल्या, मधोमध थांबल्या, जिथं कमळ असायला हवं होतं तिथं पायानं जरा खरवडलं. एक पोपडा निघाला.

"बेस झालं," त्या म्हणाल्या. "बिघडायचं ते बिघडलं. आता वापरायला हरकत न्हाय."

मामंजी काहीतरी म्हणणार होते. अक्कल काढल्याबद्दलचं असावं, कारण त्यांची मान खाली गेली होती. आत्याबाईंनी ते होऊ दिलं नाही. म्हणाल्या, उद्या माणसं यायची आहेत, जेवणाला पंगत कुठं बसवायची ते बघा, सोप्यात मावणार नाही, अंगणातच बसवावी लागंल. आणि वैजूला हाक मारली, पांघरुणातनं बाहेर ये, तुझा बाप अजून जिता आहे.

गुरुवारी आटपाडीचे पाहुणे आले. विहीणबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दारातच उभ्या, नाकात नथ, हातात आरती. अंगणात सडा होता, त्यावर रांगोळी होती, ताराक्काची नात त्यात लोळत होती. मुलाचे आजोबा काठी टेकत आले, मधे थांबले, वाकून ती पांढरी साय बघितली आणि म्हणाले, "शेठ, हे कसलं काम?"

मामंजींनी तोंड उघडलं. खरं बोलायची सवय. भेसळ जमत नसे. "त्याचं असं झालं की..."

"कोइमतूरची पद्धत आहे," आत्याबाई म्हणाल्या. "आपल्याकडं अजून आली न्हाय."

आजोबांनी काठीनं टकटक केलं. मान हलवली. जेवण झाल्यावर, सुपारी फुटल्यावर, विड्याला चुना लावता लावता त्यांनी मामंजींना बाजूला घेऊन कारागिराचा पत्ता विचारला. मामंजींनी बाबूभाईंचा दिला. पुढं बाबूभाईंनी आटपाडीत काय ऐकून घेतलं, ते मला माहीत नाही.

वैजूचं लग्न वैशाखात झालं, त्याच अंगणात. बाबूभाई येऊन बघून गेले. कपाळावर हात मारला, म्हणाले, सगळं खरवडून नव्यानं करावं लागेल. आत्याबाईंनी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. पुढच्या उन्हाळ्यात पॉलिशचे पापुद्रे ऊस सोलावा तसे निघाले, खाली अर्धंमुर्धं कमळ सापडलं, आणि त्यावर दरवर्षी सांडगे पडायला लागले.

एक संध्याकाळ मात्र सांगते. लग्नाचा मांडव निघाला होता. मामंजी तंबाखू आणायला फाट्यावर गेले होते. जाऊन यायला कितीसा वेळ लागणार. मी दिवा लावून बाहेर आले तर आत्याबाई अंगणात बसलेल्या. पुढ्यात सूप नव्हतं, निवडायला काही नव्हतं, हात दोन्ही मांडीत मोकळे. तोंड रस्त्याकडं. फाट्यावर एष्टी थांबली, हलली. माणसं वेगवेगळ्या वाटांनी गेली. त्यातला एक जण टोपी सारखी करत आमच्याकडं वळला.

आत्याबाई उठल्या नाहीत, पदरही सावरला नाही.

मामंजी आत आले, चप्पल न काढता, आणि त्यांच्यापुढं उभे राहिले. "रिकामी बसून काय बघतीयास?"

"काय न्हाय," आत्याबाई म्हणाल्या, तशाच त्यांच्याकडं बघत. "तुमचं अंगण."